फेदोर येमेल्यानेन्को: यूएफसीत कधीच न उतरलेला सर्वोत्तम हेवीवेट

प्रश्न असा आहे: "फेदोर येमेल्यानेन्को यूएफसीत एकदाही लढला नाही. त्याच्या अलीकडच्या लढती पाहिल्या तर तो पहिल्याच फेरीत कोसळताना दिसतो. तरी जुने जाणकार त्याला हेवीवेट गटातला सर्वोत्तम म्हणतात. ते का? त्याचं आयुष्य आणि लढण्याची पद्धत समजावून सांगाल का?"

मी तालमीत वाढलो, पुढे ज्युदो केला आणि आता मुलांना ग्रॅपलिंग, म्हणजे पकडी आणि डाव, शिकवतो. नवख्यांसाठी आधी एवढं सांगतो: ठोसे, लाथा, पाडणं आणि पकडी हे सगळं जिथे चालतं त्या मिश्र लढती, म्हणजेच एमएमए, आणि यूएफसी ही अशा लढती भरवणारी अमेरिकेतली सर्वात मोठी संघटना. फेदोरच्या लढती मी थांबवून, मागे नेऊन, पायांकडे आणि कमरेकडे बघत पाहिल्या आहेत. माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. ठोसा मारणं, समोरच्याला पाडणं आणि जमिनीवर डाव लावणं या तीन कामांमध्ये इतरांची जी फट पडायची, ती फेदोरच्या लढण्यात पडत नसे. हेवीवेट गटात हे असं त्याच्याआधी कोणी केलं नव्हतं. त्याची कीर्ती या एका गोष्टीवर उभी आहे. त्याचे पराभवसुद्धा नीट पाहिले तर इथूनच निघतात.

जन्म 28 सप्टेंबर 1976 चा, आज युक्रेनच्या लुहान्स्क प्रांतात असलेल्या रुबिझ्नेमधला. तेव्हा हे सगळं सोव्हिएत संघातच होतं. तो दोन वर्षांचा असताना कुटुंब रशियाच्या बेल्गोरोद भागातल्या स्तारी ओस्कोलला आलं. लोहखनिजाच्या खाणी आणि पोलादाचा कारखाना यांवर जगणारं हे शहर. वडील वेल्डर, आई शिक्षिका, घरात चार भावंडं. सांबो आणि ज्युदोचे पहिले धडे त्याला वासिली गाव्रिलोव यांनी दिले, नंतर व्लादिमिर वोरोनोव हे त्याचे वस्ताद झाले. धाकट्या अलेक्सांद्रला घरी सांभाळायला कोणी नसायचं, म्हणून फेदोर त्याला सोबत घेऊनच सरावाला जायचा. तो अलेक्सांद्र पुढे स्वतः हेवीवेट लढवय्या झाला. त्याचा उल्लेख पुढे येईल.

फेदोरने वीजकामाचं शिक्षण 1994 मध्ये पूर्ण केलं, 1995 ते 1997 सैन्यात काढली. सोव्हिएत संघ मोडल्यानंतरची ती हलाखीची वर्षं होती. ज्युदोत तो राष्ट्रीय पातळीवरचा खेळाडू होता, पण पदकांवर चूल पेटत नव्हती. 2000 मध्ये तो व्यावसायिक मिश्र लढतींकडे वळला त्यामागे मुख्य कारण पैसा होतं, आणि हे त्याने कधी लपवलं नाही. आपल्याकडे पोटासाठी जत्रेच्या फडात उतरणाऱ्या पैलवानाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता कॉम्बॅट सांबोबद्दल थोडं, कारण त्याशिवाय फेदोर कळत नाही. सांबो हा सोव्हिएत काळात घडवलेला प्रकार. ज्युदो आणि तिथल्या निरनिराळ्या प्रांतांतल्या देशी कुस्त्या एकत्र करून तो बांधला गेला आणि 1938 मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. अंगात जाड कापडाचा कुर्ता, खाली आखूड चड्डी. खेळाच्या सांबोत फेकणं आणि हात-पाय अडकवणं असतं. कॉम्बॅट सांबोत त्यावर ठोसे, लाथा आणि गळा आवळणंही चालतं. म्हणजे ठोसा मारता मारता कुर्ता पकडायचा, पकडता पकडता फेकायचं आणि समोरचा पडत असतानाच त्याचा हात ताब्यात घ्यायचा, ही सवय इथे मुळातच लागते. फेदोर कॉम्बॅट सांबोत अनेकदा जगज्जेता झाला. जपानमध्ये सर्वात मोठा हेवीवेट म्हणून नाव झाल्यावरही तो सांबोच्या स्पर्धांना जात राहिला. 2008 मध्ये सेंट पीटर्सबर्गला बल्गेरियाच्या ब्लागोय इवानोवकडून तो उपांत्य फेरीत हरलासुद्धा. एवढं नाव कमावलेला माणूस घरच्या लोकांसमोर हौशी स्पर्धेत हरण्याचा धोका पत्करतो, याचं मला फार मोल वाटतं.

व्यावसायिक सुरुवात जपानच्या 'रिंग्ज' या संघटनेत झाली. तिथे खाली पडलेल्याच्या डोक्यावर ठोसे मारायला बंदी होती, त्यामुळे पाडणं आणि पकडी यांवरच भर. डिसेंबर 2000 मध्ये त्सुयोशी कोसाकाविरुद्ध 17 सेकंदांत लढत थांबली. कोपर लागून फेदोरची भुवई फुटली होती, आणि कोपर मारणं नियमात बसत नव्हतं. पण ती बाद फेरीची स्पर्धा होती, कोणीतरी पुढे जाणं भाग होतं आणि रक्त थांबत नव्हतं, म्हणून निकाल कोसाकाच्या बाजूने लागला. पुढची जवळजवळ दहा वर्षं फेदोरच्या नावापुढे पराभव म्हणून एवढीच एक नोंद होती.

2002 च्या जूनमध्ये तो जपानच्याच 'प्राइड' या संघटनेत आला. आजच्या प्रेक्षकाला प्राइडचे नियम माहीत असणं गरजेचं आहे. पिंजरा नव्हता, दोरांचं रिंगण होतं. पहिली फेरी दहा मिनिटांची, पुढच्या पाच-पाच मिनिटांच्या. पडलेल्या माणसाच्या डोक्यावर लाथ आणि गुडघा मारता यायचा, मात्र डोक्यावर कोपर मारायला मनाई होती. हेवीवेटला वजनाची वरची मर्यादाच नव्हती. फेदोर सुमारे 182 सेंटीमीटर उंच आणि 105 किलोच्या आसपास. त्या गटात हा लहानच माणूस. पहिलाच प्रतिस्पर्धी सेमी शिल्ट, दोन मीटरहून उंच डच. त्याला गुणांवर हरवलं. मग हीथ हेरिंगला पहिल्या फेरीत इतकं मारलं की डॉक्टरांनी लढत थांबवली. यातून त्याला विजेतेपदाची लढत मिळाली.

16 मार्च 2003, योकोहामा. समोर ब्राझीलचा आंतोनियो रोद्रिगो नोगेरा, प्राइडचा पहिला हेवीवेट विजेता. मला कोणी एकच लढत दाखवायला सांगितली तर मी हीच दाखवीन.

नोगेराची ताकद होती पाठीवर पडून लढण्यात. वरच्या माणसाला दोन पायांत अडकवायचं, मनगट धरायचं, मग त्याचा हात मोडायचा किंवा पायांनी गळा आवळायचा. त्याच्याहून कितीतरी जड आणि ताकदवान लोक वर बसून हरले होते. तेव्हाचं शहाणपण असं की नोगेराच्या पायांत जायचंच नाही, आणि गेलात तर आधी पाय ओलांडून बाजूला यायचं, मगच मारायचं. फेदोर थेट त्या पायांत जाऊन बसला. बाजूला यायचा प्रयत्नही फारसा केला नाही. वीस मिनिटांतला बराच वेळ तो तिथूनच मारत राहिला.

हे त्याला जमलं कसं, हे मी विद्यार्थ्यांना तुकड्या-तुकड्यांनी दाखवतो. तो छातीला छाती लावून मारत नव्हता. कंबर मागे ठेवून, पाठ सरळ करून, कधी जवळपास उभा राहून सगळं अंग ठोशामागे टाकत होता. ठोसा गेला की हात त्याच वेगाने परत येऊन कोपर बरगडीला चिकटत होतं. नोगेराला मनगट पकडायला जो क्षण लागायचा, तो क्षण मिळतच नव्हता, कारण पुढचा ठोसा अडवायला त्याचे दोन्ही हात तोंडापाशी अडकलेले होते. पकड करायला हात खाली नेला की तोंड उघडं पडायचं. पाय गळ्यापर्यंत चढले की फेदोर लगेच कंबर उचलून मागे सरकायचा आणि सुटता सुटता पुन्हा मारायचा. पंचांनी एकमताने त्याला विजयी ठरवलं. दोघे पुन्हा दोनदा भेटले. ऑगस्ट 2004 मध्ये डोक्यावर डोकं आपटून फेदोरला खोक पडली आणि लढत निकालाविना थांबली, 31 डिसेंबर 2004 ला तो पुन्हा गुणांवर जिंकला. त्या तिसऱ्या लढतीत तर त्याने डाव बदलला. नोगेराला बराच वेळ उभं ठेवून मारलं आणि जेव्हा त्याने पाडायचा प्रयत्न केला तेव्हा फेदोरनेच त्याला खाली टाकलं.

उभ्याने तो जो ठोसा मारायचा, तोही बॉक्सिंगच्या वर्गात शिकवला जात नाही. खांदा पुढे टाकून, अंगठा खाली वळवून, हात बाहेरून गोल फिरवत आणलेला. लागला तर माणूस हलतो. चुकला तरी हात समोरच्याच्या मानेवर किंवा खांद्यावर पडतो, म्हणजे मिठी आयतीच मिळते. तिथून कमरेवरून फेकणं किंवा टांग मारणं. खडाखडीत मान धरता धरताच ढाकेची जागा शोधणाऱ्या पैलवानाला यातला हिशोब लगेच कळतो. आणि समोरचा पडला की फेदोर तोल सावरायला थांबत नसे, पडता पडताच मारत असे.

त्याच्या शांतपणाबद्दल फार बोललं जातं. चेहऱ्यावर राग नाही, भीती नाही, लढतीआधी आणि नंतर तोच भाव. पण चेहऱ्यापेक्षा मार खाल्ल्यावर तो काय करतो ते बघा. जून 2003 मध्ये काझुयुकी फुजिताच्या उजव्या हाताने त्याचे पाय अक्षरशः लटपटले. त्याने काय केलं? फुजिताला मिठी मारली, डोकं ताळ्यावर येईपर्यंत धरून ठेवलं, सुटल्यावर पोटात लाथ, तोंडावर ठोसे, आणि मागून गळा आवळून पहिल्याच फेरीत लढत संपवली. पुढच्या वर्षी 20 जूनला केविन रँडलमनने त्याला मागून कमरेत धरून उचललं आणि मानेवर आपटलं. ते दृश्य आजही बघवत नाही. मान मोडली असं वाटावं असा तो आदळ. फेदोर पडल्या क्षणापासून हलत राहिला, काही सेकंदांत वर आला, रँडलमनचा हात पिळला आणि 1 मिनिट 33 सेकंदांना लढत जिंकला. पडल्यावर बहुतेक जण क्षणभर गोठतात, काय झालं ते समजून घेत राहतात. तो क्षण फेदोर घेतच नव्हता. हे जन्मजात किती आणि सरावाचं किती, ते वेगळं काढता येणार नाही, पण लहानपणापासून रोज फेकलं जाण्याची सवय असलेल्यालाच ते शक्य होतं, एवढं मी खात्रीने म्हणेन.

मग मिर्को क्रो कॉप. क्रोएशियाचा हा किकबॉक्सर पूर्वी पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकात होता. त्याच्या डाव्या पायाची लाथ डोक्यावर बसली की माणूस उठत नसे. ऑगस्ट 2004 मध्ये त्याने फेदोरच्या धाकट्या भावाला, अलेक्सांद्रला, त्याच लाथेने बाद केलं. फेदोर त्याच रात्री त्याच रिंगणात दोन लढती लढला होता. वर्षभराने, 28 ऑगस्ट 2005 ला, दोघे समोरासमोर आले. सगळ्यांना वाटत होतं की फेदोर पहिल्या संधीला त्याला खाली नेईल. पण तो उभ्याने त्याच्या अंगावर चालून गेला. नाकातून रक्त आलं तरी पाऊल मागे घेतलं नाही. यामागे विचार होता. ती लाथ मारायला क्रो कॉपला थोडं अंतर आणि थोडी स्थिरता लागायची. मागे सरकणाऱ्याला ती मिळत नाही. सतत दोरांकडे ढकलला गेल्यामुळे क्रो कॉप दमला, आणि मग फेदोर त्याला हवं तेव्हा खाली नेऊ लागला. पूर्ण वीस मिनिटं लढत चालली आणि निकाल एकमताने लागला. हेवीवेटमधल्या लढतींमध्ये याहून चांगली लढत मी पाहिलेली नाही.

2007 मध्ये प्राइड यूएफसीच्या मालकांनी विकत घेतली आणि लवकरच ती बंद पडली. फेदोर तोपर्यंत विजेताच होता, रिंगणात त्याच्याकडून तो पट्टा कोणी घेतलाच नाही. यूएफसीत तो का गेला नाही, याचं उत्तर करारात आहे. त्याची बाजू सांभाळणाऱ्या एम-वन या रशियन कंपनीला सामने संयुक्तपणे भरवायचे होते, दोघांचं नाव आणि दोघांचा वाटा. यूएफसी असं कोणाबरोबरच करत नव्हती. 2009 च्या उन्हाळ्यात बोलणी पुन्हा झाली, पुन्हा फिसकटली. फेदोर घाबरला असं म्हणणाऱ्यांनी त्याआधीच्या दोन लढती पाहाव्यात. जुलै 2008 मध्ये यूएफसीचा माजी विजेता टिम सिल्विया 36 सेकंदांत संपला. जानेवारी 2009 मध्ये दुसरा माजी विजेता आंद्रेई आर्लोव्स्की पहिल्याच फेरीत बाद झाला. आर्लोव्स्की तोवर बरा लढत होता. गुडघा मारायला त्याने हवेत उडी घेतली आणि फेदोरचा उजवा हात त्याला हवेतच भेटला. मला मात्र आजही हळहळ वाटते. तेव्हाच्या यूएफसी विजेत्यांशी त्याची गाठ पडायला हवी होती. कंपन्यांच्या हट्टात ती वर्षं वाया गेली.

आता पराभव. 26 जून 2010, सॅन होजे. फाब्रिसियो वेर्दुम ठोसा खाऊन खाली पडला आणि फेदोर नेहमीसारखा त्याच्या पायांत झेपावला. नोगेरासमोर जे केलं तेच. फरक असा की वेर्दुम पाय तयार ठेवूनच पडला होता. फेदोरची कंबर मागे राहिली नाही, एक हात आत, एक बाहेर, आणि तो त्रिकोणात, म्हणजे पायांनी मान आणि एक हात आवळण्याच्या डावात, सापडला. 69 सेकंदांत त्याला थाप मारून हार मानावी लागली. उठून सावकाश खेळायचा पर्याय समोर होता. तो त्याने घेतला नाही, कारण संपवायची संधी दिसली की थांबायचं नाही, हेच तो दहा वर्षं करत आला होता.

फेब्रुवारी 2011 मध्ये आंतोनियो सिल्वाने त्याला वजनाखाली दाबलं. 120 किलोच्या मर्यादेला टेकलेला हा माणूस दुसऱ्या फेरीत छातीवर बसून मारत राहिला, फेदोरचा डोळा बंद झाला आणि फेरी संपल्यावर डॉक्टरांनी लढत थांबवली. जुलैमध्ये डॅन हेंडरसन. दोनदा ऑलिंपिक खेळलेला हा कुस्तीगीर वजनाने फेदोरपेक्षा हलका होता. फेदोरने त्याला पाडलं, संपवायला झेपावला, हेंडरसन खालून निसटून मागे आला आणि त्याच्या ठोशाने फेदोर तोंडावर पडला. वेर्दुम आणि हेंडरसन, दोन्ही वेळा फेदोर वरचढ असताना हरला, आणि दोन्ही वेळा त्याच घाईने. चोवीस-पंचविशीत त्याचं अंग जेवढ्या वेगाने धोक्यातून बाहेर यायचं तेवढं ते पस्तिशीकडे येत नव्हतं. झेप तीच, सुटका उशिरा. तोवर इतर हेवीवेटही तिन्ही कामं एकत्र करायला शिकले होते, आणि ते बऱ्याच अंशी त्याच्याच लढती पाहून.

2012 मध्ये तो निवृत्त झाला आणि 31 डिसेंबर 2015 ला जपानमध्येच परतला. त्या पुनरागमनात समोर होता भारताचा किकबॉक्सर जयदीप सिंग. फेदोरने त्याला पहिल्या फेरीत हरवलं. पुढची वर्षं बेलाटर संघटनेत गेली. फ्रँक मिर, चेल सॉनन यांच्यावर विजय, मॅट मिट्रिओन आणि रायन बेडरकडून झटपट पराभव. ऑक्टोबर 2021 मध्ये मॉस्कोत टिम जॉन्सनला बाद केलं तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता. 4 फेब्रुवारी 2023 ला कॅलिफोर्नियात बेडरकडूनच पुन्हा हरून त्याने हातमोजे उतरवले. एकूण 40 विजय, 7 पराभव, एक लढत निकालाविना. तुम्ही पाहिलेल्या लढती बहुधा या शेवटच्या काळातल्या आहेत, आणि त्यांवरून त्याला जोखणं अन्यायाचं होईल. या बेडरला 2020 मध्ये वादिम नेमकोवने हरवून बेलाटरचा लाइट हेवीवेट पट्टा घेतला. नेमकोव फेदोरच्या हाताखाली तयार झालेला.

रिंगणाबाहेर तो सत्ताधारी पक्षातर्फे बेल्गोरोदच्या प्रांतिक सभेत निवडून गेला आणि रशियाच्या एमएमए संघाचा प्रमुख झाला. त्याच्या राजकारणात मला रस नाही. एक प्रसंग मात्र शिकवणारा म्हणून सांगतो. ऑक्टोबर 2016 मध्ये चेचन्याची राजधानी ग्रोझ्नीत आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या, डोक्याला संरक्षण नसलेल्या लढती टीव्हीवर दाखवल्या गेल्या. त्यात चेचन्याचा सत्ताधीश रमझान कादिरोवची मुलंही लढली. फेदोरने जाहीरपणे हे अमान्य असल्याचं सांगितलं आणि बारा वर्षांखालच्या मुलांना अशा लढती पाहायलाही येऊ द्यायचं नाही, हा नियम दाखवून दिला. कादिरोवच्या माणसांकडून त्याला शिव्या आणि धमक्या मिळाल्या. त्या देशात त्या माणसाविरुद्ध एवढं बोलायला जे लागतं, ते रिंगणात लागणाऱ्या धैर्याहून कमी नाही. आपल्याकडेही लहान पोरांना तोंडावर ठोसे मारायला उतरवणारे वर्ग निघू लागले आहेत. त्या पालकांनी हा प्रसंग जरूर वाचावा. त्या वयात पडायला शिकवा, लोळायला शिकवा, पकडी शिकवा.

आजच्या हेवीवेटसमोर तो टिकला असता का, हे मला हमखास विचारतात. आजचे लोक मोठे आहेत, पिंजऱ्याच्या जाळीला दाबून धरण्याचं तंत्र पुढे गेलं आहे, आणि ते फेदोरचं दुबळं अंग होतं. सिल्वासारख्या जड आणि सावध माणसाने त्याला त्रास दिलाच असता. पण 2003 ते 2005 मधला फेदोर पहिल्या फेरीत ज्याच्यासमोर तग धरू शकला नसता, असा माणूस मला दिसत नाही.

पाहायचं ठरवलंत तर अशा क्रमाने पाहा. आधी हेरिंग, म्हणजे जमिनीवरच्या माराची जात कळेल. मग नोगेराची पहिली लढत पूर्ण, मधलं काही न वगळता, फक्त फेदोरची कंबर आणि कोपरं बघत. मग फुजिता आणि रँडलमन एकापाठोपाठ. नोगेराची तिसरी. त्यानंतर क्रो कॉप, आणि त्यात हातांऐवजी फेदोरचं पुढचं पाऊल बघा. हे सगळं झाल्यावरच वेर्दुमची लढत लावा. 69 सेकंदांची आहे, ती चार-पाच वेळा पाहा आणि नोगेरासमोर मागे राहणारी कंबर इथे कुठे आहे ते शोधा.